घोड्याची मजल नेमकी किती?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरची इंडियन डर्बी 2400 मीटरची असते. उणापुरा अडीच मिनिटांचा खेळ. कॅलिफोर्नियातल्या टेव्हिस कपचा घोडा मात्र उजाडायच्या सुमारास सुटतो, सिएरा नेवाडाचे डोंगर चढतो-उतरतो आणि ऑबर्न गावात पोचतो तेव्हा बहुतेकदा रात्र झालेली असते. अंतर 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर, आणि मुदत 24 तास. आजचे घोडे एका दिवसात 100 मैल जाऊ शकतात हे दाखवायला वेंडेल रोबी 1955 साली चार सोबत्यांसह या वाटेने निघाले, आणि त्यातून हा खेळ रुजला.

160 किलोमीटरच्या दौडीला ‘एन्ड्युरन्स’, म्हणजे दमसासाची दौड, म्हणण्याबद्दल कुणाचं दुमत नाही. वाद आहे तो खालच्या टोकाला. अमेरिकेतली 1972 साली सुरू झालेली एन्ड्युरन्सची संघटना 50 मैलांच्या, म्हणजे 80 किलोमीटरच्या खालच्या दौडीला ‘एन्ड्युरन्स’ म्हणत नाही. 25 ते 35 मैलांच्या दौडीसाठी तिच्याकडे ‘मर्यादित अंतर’ असा वेगळा वर्ग आहे. उन्हातून 40 किलोमीटर घोडा नेऊन आणलेल्या माणसाला हा ‘मर्यादित’ शब्द बोचतो. बोचला तरी माझ्या मते तो बरोबर आहे, आणि त्याचं कारण घोड्याच्या घामात आहे.

माथेरानच्या चढावर माणूस वाहून आणलेला घोडा जवळून बघा. खोगिराच्या कडेला, लगामाचा पट्टा मानेला घासतो तिथे पांढरा फेस दिसतो. घोड्याच्या घामात लॅथेरिन नावाचं प्रथिन असतं, त्याचा हा फेस. त्यामुळे घाम दाट केसांतून सहज पसरतो आणि वाळताना अंग गार करतो. लांब दौडीत उष्ण हवेत घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतो. माणसाचा घाम रक्तापेक्षा फिका, म्हणून घाम गेला की मागे उरलेलं रक्त खारट होतं आणि आपल्याला तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, किंबहुना जास्तच खारट. पाण्याबरोबर क्षारही निघून जातात, रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही आणि मेंदूला तहानेची वर्दीच पोचत नाही. अंगातलं पाणी आटत चाललेला घोडा भरलेल्या बादलीसमोर तोंड फिरवून उभा राहतो.

क्षार फार घटले की एक विचित्र गोष्ट घडते. श्वासपटलाकडे जाणारी नस हृदयाला खेटून जाते. एरवी तिला शेजारच्या ठोक्यांचं काही वाटत नाही, पण कॅल्शियम वगैरे कमी झालं की ती हळवी होते आणि दर ठोक्याला घोड्याची कूस उचकी लागल्यासारखी उडते. त्या घोड्याची दौड तिथेच थांबते.

निसर्गाने त्याला शिदोरीही दिली आहे. मोठ्या आतड्यात आंबत पडलेल्या चाऱ्यात पाणी आणि क्षारांचा मोठा साठा असतो. दुडक्या चालीने तीस-चाळीस किलोमीटर म्हणजे अडीच-तीन तास. तयारीचा घोडा एवढं बहुतेक घरून आणलेल्या शिदोरीवर काढतो. 80 किलोमीटरला सहा-आठ तास लागतात. तेवढ्या वेळात त्याने वाटेत खाल्लं नाही, पाणी प्यायलं नाही, तर निभाव लागत नाही. माझ्या लेखी रेघ इथे पडते. मंगोल डर्बी एक हजार किलोमीटरची म्हणून गाजते, पण तिथे साधारण दर 40 किलोमीटरला घोडा बदलतात. दम लागतो तो स्वाराचा.

फक्त अंतर मोजलं तर काय होतं ते 1892 मध्ये दिसलं. जर्मन आणि ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यांनी व्हिएन्ना आणि बर्लिन यांच्या दरम्यान सुमारे 580 किलोमीटरची चुरस लावली. विजेत्याने ती तीन दिवसांच्या आत पार केली. अनेक घोडे दगावले, त्यात विजेत्याचाही होता.

म्हणून आता दौडीचे टप्पे पाडतात आणि दर टप्प्याला पशुवैद्य उभा असतो. स्वार येतो, उतरतो, तंग सैल करतो. सोबतचे लोक मानेवर पाणी ओततात. वैद्य डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावतो. विश्रांतीत घोड्याचे ठोके मिनिटाला तीस-चाळीस असतात. ठरलेल्या मुदतीत ते 64 वर उतरले पाहिजेत, ही नेहमीची अट. मग हिरडी दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघतात, आतड्याची गुरगुर ऐकतात आणि शेवटी घोडा दुडकत नेऊन आणायला सांगतात. लंगडला की बाद, मग तो कितीही पुढे असो.

हवा मात्र कुणालाच जुमानत नाही. 2018 साली अमेरिकेत ट्रायनला जागतिक स्पर्धेत 160 किलोमीटरची दौड ठरली होती. सुरुवातीलाच काही स्वारांना चुकीची वाट दाखवली गेली, म्हणून ती 120 किलोमीटरवर आणून पुन्हा सुरू केली. मग पावसानंतर ऊन तापलं, हवा इतकी दमट झाली की घाम वाळेना, आणि दौड अर्ध्यातच रद्द झाली. त्या दिवशी तिथे 120 किलोमीटरही जास्त होते.

टेव्हिसमध्ये पहिल्या येणाऱ्याच्या कपाशिवाय हॅगिन कप नावाचं आणखी एक बक्षीस असतं. पहिल्या दहांत आलेले घोडे दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतात आणि त्यांतल्या सगळ्यात ठणठणीत घोड्याला ते देतात. जाणती मंडळी याच कपाला जास्त मानतात.