काठावरचा मित्र आणि रिकामा कॅन

पावसाळ्यात एक बातमी दरवर्षी येते. डोहात एक मुलगा बुडाला आणि त्याला वाचवायला गेलेले दोघंही गेले. मग गावात म्हणतात, डोहाला आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, आहेत, त्या एकावर थांबत नाहीत. मला या बोलण्याचा राग येतो, कारण दुसरा आणि तिसरा का बुडतो हे साध्या गणिताने कळतं.

माणसाचं शरीर पाण्याइतक्याच घनतेचं. म्हणून पाण्याखाली आपलं वजन जवळजवळ नाहीसं होतं; भार होतो तो फक्त पाण्याबाहेरच्या भागाचा. डोकं साधारण ४-५ किलोंचं. बुडणारा मुलगा मित्राच्या खांद्यावर चढू पाहतो. तो मुद्दाम तसं करत नसतो, श्वासासाठी शरीरच वर धावतं. डोकं, हात, खांदे बाहेर आले की १५ किलोंच्या घरातलं ओझं मित्रावर पडतं. नुसते पाय मारून ते फार वेळ पेलत नाही. पट्टीचा पोहणाराही खाली जातो.

आता ५ लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्या, बूच घट्ट लावलेला. तो पाण्याखाली दाबला तर ५ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे कॅनचं वजन वजा जाता जवळपास ५ किलोंचा उचल देतो. नाक-तोंड वर राहायला एवढा पुरतो. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे अंगाने माहीत आहे.

पण मुळात पोरं उडी मारतातच का? 'संगत वाईट' हे उत्तर अपुरं आहे. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली मुलांना आणि प्रौढांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम दिला. शेजारच्या खोलीतून मित्र बघताहेत एवढं कळताच किशोरवयीनांनी जास्त धोके पत्करले, आणि मेंदूतला बक्षिसाची चाहूल घेणारा भाग जास्त चेतला. प्रौढांमध्ये असा फरक पडला नाही. म्हणजे मित्र चांगले असोत की वाईट, त्यांची नुसती नजर पुरते.

तीच नजर राखणही करते. गेल्या जुलैत एका डोहावर पाच पोरं पाण्यात होती आणि सहावा खडकावर, सगळ्यांचे मोबाइल आणि कपडे सांभाळत. 'फट्टू, ये की!' चाललं होतं. तो हसला, पण हलला नाही. शेजारी सुतळी बांधलेला कॅन होता. बुडणारा ओरडत नाही, कारण तोंड वर येतं तेवढ्यात श्वासच जेमतेम मिळतो. हात पाणी दाबण्यात गुंतलेले असतात, त्यामुळे हाताने खूणही करता येत नाही. एवढी धडपडही २० ते ६० सेकंदच टिकते. म्हणून तो कान देऊन बसला नव्हता, डोकी मोजत होता.

"एक, दोन, तीन, चार... अरे, पाचवा कुठंय?"

पाचवा खडकाआड होता. त्याने हात वर केला, तेव्हा कुठे याने कॅन खाली ठेवला.