पडद्यावर दिसते ती इमारत आणि खरी इमारत

मोठ्या इमारतीच्या नियंत्रण कक्षात पडद्यांवर प्रत्येक मजल्याचे आकडे हलत असतात. सगळी सूत्रं तिथूनच हलतात, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण तिथला संगणक बंद पडला, तरी एसी आणि पंखे बहुतेक नेहमीसारखेच चालू राहतात. या सगळ्या यंत्रणेला म्हणतात बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे बीएमएस. तिची देखरेख एका जागी होते, निर्णय मात्र जागोजागी होतात.

हे निर्णय घेतात छोटे कंट्रोलर. हवा गाळून, थंड करून डक्टमध्ये ढकलणारं एअर हँडलिंग युनिट, म्हणजे एएचयू, घ्या. त्याच्या शेजारच्या पॅनेलमध्ये एक कंट्रोलर बसवलेला असतो. खोलीतून परत येणारी हवा २४ अंशांवर राहायला हवी आणि सेन्सर २५ दाखवतोय, तर कंट्रोलर ० ते १० व्होल्टमधला एक संकेत व्हॉल्व्हच्या मोटरला देतो. व्हॉल्व्ह थोडा उघडतो आणि कॉइलमधून, म्हणजे हवेच्या वाटेतल्या नळ्यांच्या वेटोळ्यातून, साधारण ७ अंशांचं पाणी जास्त वाहू लागतं. फरक किती आहे आणि तो किती वेळ टिकलाय, यावरून किती उघडायचं ते ठरतं. हे गणित फार उतावीळ ठेवलं, तर व्हॉल्व्ह दिवसभर उघडझाप करत राहतो आणि मोटर लवकर झिजते.

या सगळ्याचं मूळ एका शाळेत आहे. वर्गातलं तापमान बघायला रखवालदाराला सारखं आत यावं लागे. अमेरिकेतले शिक्षक वॉरन जॉन्सन यांनी यावर उपाय म्हणून विजेवरचा थर्मोस्टॅट बनवला आणि १८८३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे कित्येक दशकं हे संकेत बारीक नळ्यांमधल्या दाबाच्या हवेतून जात. मग संगणक आले आणि नवी अडचण उभी राहिली : दोन कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलेनात. ती बरीचशी सुटली १९९५ साली आलेल्या बॅकनेट या सामाईक मानकामुळे.

वीज बरीच वाचते ती पंख्यांच्या वेगातून. वेग ८० टक्क्यांवर आणला, की पंख्याला लागणारी वीज जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ताजी हवाही गरजेपुरतीच आत घ्यायची, म्हणून कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर मोलाचा. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाखांत सुमारे ४२० भाग असतो. बैठकीची खोली भरली की तो चढतो आणि ताज्या हवेचा डॅम्पर, म्हणजे झडप, उघडतो. माणसं उठून गेली की मिटतो. आगीची सूचना देणारी यंत्रणा मात्र वेगळी ठेवतात, बीएमएसला तिचा फक्त निरोप मिळतो.

माझ्या मते खरी काळजी घ्यायला हवी ती सेन्सरची. तो उन्हात किंवा गरम यंत्राजवळ बसवला असेल, तर सगळी यंत्रणा इमानेइतबारे चुकीचं काम करत राहते. गळका व्हॉल्व्ह तर याहून लबाड. हवा गरम करायची कॉइलही जिथे असते, तिथे गरम पाण्याचा व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल, तर कंट्रोलर थंड पाणी वाढवून तेवढी भरपाई करतो. खोली २४ अंशांवरच राहते, कुणी तक्रार करत नाही आणि गरम-थंड दोन्हींचा खर्च महिनोन्‌महिने चालू राहतो. तो पकडायचा एकच सोपा मार्ग आहे : पडद्यावर गरम व्हॉल्व्ह ० टक्के दिसत असताना त्या कॉइलच्या अलीकडची आणि पलीकडची हवा मोजायची. पलीकडची गरम निघाली, तर व्हॉल्व्ह गळतोय.