‘वेस्ट’ला ‘वेस्ट’ जुळतं का?

‘इंग्रजीत यमक जुळवून घोषवाक्य लिहा’ ही स्पर्धा ठाण्यातल्या गृहसंकुलांत आता नेहमीचीच झाली आहे. कचरा, पाणी, हॉर्न असे तीन-चार विषय आलटून पालटून येतात, आणि निकालानंतर परीक्षकांशी हुज्जतही ठरलेली. ती हुज्जत नेमकी कशावरून होते, याची ही पार्श्वभूमी.

राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होतं, ते २००० साली पहिलीपासून आलं. त्यावर किती रण माजलं ते पुन्हा सांगायला नको. त्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. पाचवीतलं मूल एबीसीडी गिरवत, म्हणजे डोळ्यांनी, इंग्रजीत शिरायचं. पहिलीतलं मूल गाणी म्हणत, कानाने शिरू लागलं. ‘काकांना राइम म्हणून दाखव’ हा इंग्रजी माध्यमाच्या घरांतला छळ मराठी शाळेतल्या पोरांच्याही वाट्याला आला. आपल्याकडे ‘राइम’ म्हणजे बडबडगीत, हा अर्थ पक्का होण्यात या मंडळींचा वाटा मोठा आहे.

योगायोग असा, की त्याच २००० साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘वोज युनाइट फोज’, म्हणजे संकटं वैऱ्यांनाही एकत्र आणतात, ही उक्ती त्यांनी काही लोकांना वाचायला दिली. काहींना मात्र ‘फोज’ काढून ‘एनिमीज’ घातलेली दिली. अर्थ तोच, पण नाद जुळलेली उक्ती लोकांना जास्त खरी वाटली. जाहिरातवाल्यांना हे आधीपासून ठाऊक असणार. आपल्या आज्यांनाही होतं: ‘अती तिथे माती’, ‘दाम करी काम’.

आता मुख्य घोळ. तो ‘यमक’ या शब्दातच आहे. जुन्या अलंकारशास्त्रात यमक म्हणजे तोच अक्षरसमूह वेगळ्या अर्थाने पुन्हा येणं. ओळींच्या शेवटी नुसता नाद जुळला, तर तो अंत्यानुप्रास. शाळेच्या वर्गात येईपर्यंत दोन्ही एकाच गाठोड्यात बांधले गेले. इंग्रजीचा हिशेब निराळा आहे. शब्दात जिथे शेवटचा जोर पडतो, त्या स्वरापासून पुढचं सगळं सारखं हवं आणि त्याच्या आधीचं व्यंजन वेगळं हवं. ‘नेशन’ला ‘स्टेशन’ चालतं. ‘क्लीनिंग’ला ‘प्लँटिंग’ चालत नाही, कारण जोर ‘क्ली’वर आणि ‘प्लँ’वर आहे, शेपटीतलं ‘इंग’ जुळून उपयोग नाही.

पण मराठी मूल हेच ‘इंग’ हमखास जुळवतं, आणि त्याला कारण आहे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे प्रत्ययच यमक पुरवतात. ‘करावे तसे भरावे’ जुळवायला कवी लागत नाही, व्याकरणच ते काम करतं. इंग्रजीत क्रियापद मधेच अडकतं, शेवटी नाम किंवा विशेषण येतं आणि जोडीदार शोधावा लागतो. घरी उखाणे ऐकत वाढलेल्या मुलाला ही टंचाई माहीतच नसते. (दोन्ही भाषांचं जमतं ते उखाण्यातच: ‘चहात साखर दोन स्पून, रावांचं नाव घेते थोरली सून.’)

त्यात भर देवनागरीची. ‘नो पेन, नो गेन’ असं लिहिलं की शाईचं पेन आणि दुखण्याचं पेन एकच होतं. एका मुलीने या ओळीशेजारी खरोखरच बॉलपेन काढलं होतं. तिच्या लेखी अर्थही बरोबर होता: पेन उचलल्याशिवाय मार्क कुठून मिळणार?

घोडबंदर रस्त्यालगतच्या एका संकुलातला वाद मी जवळून पाहिला. विषय कचऱ्याचा होता. २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवणं बंधनकारक केलं, तेव्हापासून ‘वेट वेस्ट’, ‘ड्राय वेस्ट’ हे शब्द वॉचमनपासून सगळ्यांच्या तोंडी बसले आहेत. मराठी शाळेतल्या एका सातवीच्या मुलाने लिहिलं: ‘ठाणे वेस्ट, नो वेस्ट!’ पहिला वेस्ट स्टेशनच्या पश्चिमेचा, दुसरा कचऱ्याचा. एका परीक्षकाने ‘तोच शब्द दोनदा’ म्हणून ते बाद केलं. दुसऱ्या बाईंचं म्हणणं, शब्द दोन आहेत, पण स्वर वेगळे (पश्चिमेच्या ‘वेस्ट’चा आखूड, कचऱ्याच्या ‘वेस्ट’चा लांबवलेला), तेव्हा यमक नाही. म्हणजे एकाच्या मते ते फार जुळत होतं, दुसरीच्या मते जुळतच नव्हतं. मुलगा मात्र दोघांच्या मते बाद.

दोन्ही बाजू मांडायच्या म्हणून सांगतो: बाईंचं नियमाने बरोबर होतं. पण व्यंजनं तीच ठेवून फक्त स्वर बदलायचा, ही इंग्रजीत चूक नसून एक तंत्र आहे. १९१८ साली महायुद्धात मारल्या गेलेल्या एका तरुण इंग्रज कवीची त्यासाठी ख्याती आहे. आणि जुन्या व्याख्येने पाहिलं, तर देवनागरीतलं ‘वेस्ट-वेस्ट’ हे त्या दिवशीचं एकमेव अस्सल यमक होतं. बक्षीस गेलं ‘क्लीन ठाणे, ग्रीन ठाणे’ला. त्याच्या दोन्ही तुकड्यांच्या शेवटी तोच शब्द, त्याच अर्थाने. कुणी हरकत घेतली नाही.

बाकी इतिहास थोडक्यात. रोज सफरचंद खाऊन डॉक्टरला लांब ठेवण्याची म्हण १८६६ साली छापली गेली तेव्हा वेगळी होती: झोपताना सफरचंद खा, म्हणजे डॉक्टरला भाकरी कमावता येणार नाही. तिथे यमक ‘बेड’ आणि ‘ब्रेड’चं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ते डोळ्यांना पटत नाही, देवनागरीत लगेच दिसतं. आपल्याकडे हिमालयातल्या रस्त्यांवरचं ‘आफ्टर व्हिस्की, ड्रायव्हिंग रिस्की’ हे या प्रकारातलं सर्वांत यशस्वी वाक्य म्हणायला हरकत नाही. क्रियापद गायब, पण कुणाचं अडत नाही.

शहराच्या भिंती रंगू लागल्या त्या स्वच्छ सर्वेक्षणामुळे. २०२०मध्ये नवी मुंबई देशात तिसरी आली, आणि खाडीपलीकडे आहे म्हटल्यावर ठाण्यालाही घोषवाक्यांचा चेव आला. आता तर मुलं फोनलाच यमक विचारतात. फोन ‘वेस्ट’ला ‘टेस्ट’ देतो; ती परीक्षा की चव, हे इंग्रजी स्पेलिंग पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्या संकुलाने पुढच्या वर्षी वाद नको म्हणून नियमावलीतून ‘यमक’ हा शब्द काढून टाकला आणि ‘राइमिंग स्लोगन’ घातलं. पहिल्याच संध्याकाळी तीन आया कार्यालयात विचारायला आल्या, मुलांनी राइम कोणतं पाठ करून यायचं?