खड्यानं उडालेला रंग आणि एक दशांश मिलिमीटरची दुरुस्ती

बॉनेटवर खडा आपटून रंगाचा टवका उडतो, तो सहसा दोन-तीन मिलिमीटरचा असतो. त्याची खोली मात्र एक दशांश मिलिमीटरच्या आसपास, कारण कारखान्यातून येणारा रंग तेवढाच जाड असतो. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्यानं साधारण २० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ई-कोट, म्हणजे गंजरोधक थर, बसवतात. त्यावर ३० ते ४० मायक्रॉन प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, १५ ते २० मायक्रॉन रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर ४० ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. म्हणजे ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो, तो या सगळ्यात सर्वांत पातळ!

ओरखडा कुठवर गेलाय ते आधी पाहा. पाण्याचा थेंब टाकल्यावर ओरखडा दिसेनासा झाला, तर इजा फक्त क्लिअर कोटला आहे. रबिंग कंपाउंडनं, म्हणजे बारीक घासणाऱ्या पेस्टनं, काम भागेल. नख अडकत असेल आणि आत राखाडी दिसत असेल, तर प्रायमर उघडा पडलाय. चकचकीत किंवा तपकिरी दिसलं की थेट पत्रा. बंपर प्लॅस्टिकचा असल्यानं तिथे गंजाची भीती नाही, पण साधा प्रायमर त्यावर धरत नाही. त्याला प्लॅस्टिकचा वेगळा प्रायमर लागतो.

पत्रा उघडा असेल तर घाई रंगाची नाही, गंज काढण्याची करा. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असतं, त्यामुळे तो शेजारचा रंग खालून उचलतो. शिवाय टवक्याच्या कडेला, रंगाच्या खाली, ऑक्सिजन आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून अल्कधर्मी द्रव तयार होतो आणि रंगाची पत्र्यावरची पकड सुटते. किनारपट्टीवरच्या खाऱ्या हवेत पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून तिथे हे सारं लवकर होतं. वर कितीही सुंदर रंग लावा, खाली गंजाचा कण राहिला तर काही महिन्यांत पोपडा आलाच.

प्रत्यक्ष काम असं. जागा शॅम्पूनं धुऊन वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. जुनं मेण किंवा सिलिकॉनयुक्त पॉलिश राहिलं, तर नवा रंग तिथून मागे सरकून खळगे पडतात. ३२० नंबरच्या वॉटर पेपरचा (भिजवून वापरता येणारा पॉलिश पेपर; नंबर मोठा तितका तो बारीक) छोटा तुकडा पेन्सिलीच्या मागच्या टोकाला चिकटवा आणि टवक्याच्या आतच फिरवा. सुटू पाहणारी कड निघून जाऊ द्या. टवका थोडा मोठा झाला तरी चालेल. शेवटचा हात ८०० नंबरचा. खोल छिद्रांतला गंज निघत नसेल तर काडीनं गंज-रूपांतरकाचा थेंब लावा. फॉस्फोरिक आम्लाचा असेल तर गंजाचं लोहफॉस्फेट होतं, टॅनिनचा असेल तर काळं लोहटॅनेट. हिरडा आणि हिराकस यांच्या जुन्या शाईचा काळेपणा याच संयुगाचा. वेळ बाटलीवर दिलेली पाळा आणि उरलेलं आम्ल पुसून घ्या. ते राहिलं तर प्रायमर नीट बसत नाही.

यानंतर प्रायमरचे दोन पातळ हात द्या, मध्ये अर्धा तास. बाटलीच्या झाकणातला ब्रश बहुतेकदा जाड असतो. दात कोरायची काडी किंवा चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश बरा. मग रंग. गाडीच्या रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. टचअपच्या, म्हणजे छोट्या दुरुस्तीच्या रंगाची बाटली त्याच कोडची घ्या, निदान दोन मिनिटं हलवा आणि आधी कागदावर थेंब वाळवून गाडीशेजारी धरून बघा. उन्हानं जुना झालेला रंग कोडच्या रंगाहून थोडा वेगळा असतो, ते आधीच कळलेलं बरं.

सर्वांत जास्त दुरुस्त्या बिघडतात त्या इथे. टचअपच्या रंगात बराचसा भाग द्रावकाचा, म्हणजे वाळताना उडून जाणारा. टवका एका थेंबात काठोकाठ भरला की वरची साय आधी धरते, आतलं द्रावक अडकतं आणि मग एकतर बुडबुडे येतात किंवा आठवड्याभरात मध्ये खळगा पडतो. म्हणून तीन-चार हात, प्रत्येक पातळ, मध्ये वीस ते तीस मिनिटं. त्यावर क्लिअर कोटचे दोन-तीन हात, शेवटी पातळी आजूबाजूपेक्षा किंचित वर येईपर्यंत.

भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर हे करू नका. पावसाळ्यात तर नकोच: द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि क्लिअर कोट दुधाळ होतो.

चंदेरी आणि इतर मेटॅलिक रंगांबाबत अपेक्षा कमी ठेवा. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या चकत्या फवाऱ्यानं आडव्या बसतात, ब्रशनं वेड्यावाकड्या. कोड तंतोतंत जुळला तरी ठिपका एका कोनातून गडद दिसतो. पांढरा साधा रंग सर्वांत क्षमाशील. नेलपॉलिश मात्र लावू नये, ते उन्हात पिवळं पडून तडकतं.

आता किमान आठवडाभर हात लावू नका. नंतर २००० नंबरचा वॉटर पेपर खोडरबराच्या तुकड्यावर गुंडाळा आणि साबणाच्या पाण्यात भिजवून फक्त उंचवटा घासा. पांढुरकं पाणी येतंय म्हणजे क्लिअर कोट निघतोय. रंगीत पाणी आलं की ताबडतोब थांबा. शेजारच्या मूळ क्लिअर कोटमधून आठ-दहा मायक्रॉनहून जास्त घासू नये, कारण अतिनील किरण अडवणारी द्रव्यं त्याच थरात असतात. मग ३००० नंबर आणि शेवटी कंपाउंड. मेण महिनाभरानं.

टवका तळहाताएवढा असेल, तर हे सगळं सोडून गॅरेज गाठा. तिथे मारतात तो हार्डनर (थर कडक करणारं रसायन) मिसळलेला क्लिअर कोट टिकाऊ असतो, पण हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. कापडी मास्क त्यापुढे कुचकामी. तो फवारा घरी मारायचा नाही.