मतदार यादीत नाव आपोआप येण्याची चर्चा आणि नागपूरकरांनी तोवर भरायचा नमुना ६

अठरा वर्षे पूर्ण होताच मतदार यादीत नाव आपोआप यावे, ही मागणी आता नवी राहिलेली नाही. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी मे २०२३ मध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदी मतदार यादीशी जोडण्याचा मनोदय जाहीर केला आणि त्याच वर्षी जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती होऊन हा माहितीसाठा मतदार यादीच्या कामासाठी देण्याची वाट मोकळी झाली. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने तर २०१५ मध्येच कायदा करून वाहन परवान्याच्या कार्यालयातील नोंदींवरून मतदार नोंदणी सुरू केली होती. तिथेच २०२४ मध्ये नागरिकत्वाचा पुरावा नसलेल्या बाराशेहून अधिक जणांची नावे चुकून नोंदली गेल्याचे उघडकीस आले.

नागपूरची अडचण मात्र निराळी आहे. जन्म जिथे झाला तिथेच तो नोंदवला जातो, त्यामुळे मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयात जन्मलेल्या बाळाची नोंद नागपुरात होते. कुटुंब मात्र भंडारा, गडचिरोली किंवा राज्याच्या सीमेपलीकडच्या बालाघाटचे असू शकते. याउलट मतदार यादीसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० विचारतो तो अर्जदार आज सर्वसाधारणपणे कुठे राहतो हे. जन्मदाखला वय सांगतो, आजचा पत्ता सांगत नाही. आपोआप नोंदणीचे घोडे माझ्या मते इथेच अडते, आणि ते सुटेपर्यंत अर्ज करण्याची जबाबदारी अर्जदाराचीच राहते.

अर्जदार भारतीय नागरिक असावा आणि अर्हता दिनांकास, म्हणजे वय मोजण्यासाठी ठरवलेल्या तारखेस, त्याचे वय १८ वर्षे पूर्ण झालेले असावे. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरली जात असे. ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो.

नमुना ६ हा मतदार नोंदणीचा अर्ज केवळ पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. इतवारीतून मानेवाड्याला बिऱ्हाड हलवले की विधानसभा मतदारसंघ बदलतो, तरी अशा मतदाराने नवा नमुना ६ न भरता नमुना ८, म्हणजे पत्ताबदलाचा अर्ज, भरायचा असतो. हा घोळ फार होतो, आणि तो निरुपद्रवी नाही: नमुना ६ मध्ये आपले नाव अन्य कोणत्याही यादीत नसल्याचे प्रतिज्ञापन असते, आणि जाणूनबुजून खोटे प्रतिज्ञापन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कागदपत्रांत छायाचित्र, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, पॅन, आधार, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एक पुरेसे आहे. खरी ओढाताण पत्त्याची होते. विजेचे बिल वडिलांच्या नावावर असले तरी चालते, मात्र वडिलांचे नाव त्याच पत्त्यावर मतदार यादीत असले पाहिजे. भाडेकरूंचा करार नोंदणीकृत असावा. घरमालकाने मुद्रांक कागदावर नुसती सही करून दिलेला अकरा महिन्यांचा करार इथे उपयोगी पडत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला गावच्या घरी किंवा नागपुरात, यांपैकी एकाच ठिकाणी नाव ठेवता येते; नागपूर निवडल्यास महाविद्यालयाच्या प्रमुखांचे बोनाफाईड जोडावे लागते. ज्यांच्याकडे पत्त्याचा कागदच नाही, त्यांची पडताळणी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, प्रत्यक्ष येऊन करतात. बेघर व्यक्ती सांगितलेल्या ठिकाणी खरोखर झोपते का, हे पाहण्यासाठी ते रात्रीही जातात.

अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर, आयोगाच्या मोबाईल ॲपवर किंवा थेट बीएलओकडे विनामूल्य करता येतो. शंका असल्यास १९५० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. आक्षेपांसाठी सात दिवस दिले जातात, त्यानंतर पडताळणी होऊन मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात. त्यांनी अर्ज फेटाळल्यास १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि तिथेही दाद न मिळाल्यास ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.