ऑटोक्लेव्हचा काटा आणि गुळव्याची बोटे

वरच्या जबड्यातील दात काढला की नजर अधू होते, ही समजूत कोल्हापुरात अजून पक्की आहे आणि दातांच्या दवाखान्यात बाकावर ताटकळत बसलेल्यांच्या बोलण्यात ती हमखास निघते. दृष्टीची चेता ही मेंदूतून निघणारी दुसरी चेता आणि दातांना संवेदना पुरवणारी पाचवी. दात उपटल्याने नजर जात नाही. पण डोळ्यांची एवढी धास्ती घेणारा हाच रुग्ण, आपल्या तोंडात जाणारी अवजारे निर्जंतुक झाली आहेत हे कोणी आणि कशावरून ठरवले, हे विचारत नाही.

हा प्रश्न न विचारणे किती महागात पडू शकते, हे 2013 मध्ये अमेरिकेतील टल्सा शहरात दिसले. तेथील एका दंत-शल्यचिकित्सकाच्या सुमारे 7,000 रुग्णांना रक्त तपासून घ्या, असे आरोग्य खात्याला कळवावे लागले. दवाखान्यात ऑटोक्लेव्ह, म्हणजे अवजारे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, होता, परंतु तो जंतू खरोखर मारतो का याची चाचणी सहा वर्षे झालेली नव्हती. एका रुग्णाकडून दुसऱ्याला हिपॅटायटिस सी झाल्याचे पुढे विषाणूंच्या जनुकीय तुलनेतून सिद्ध झाले.

ऑटोक्लेव्ह म्हणजे मूलतः कुकरच. पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलँ यांनी तो 1879 मध्ये तयार केला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर असल्याने येथे उघड्या भांड्यातील पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते आणि काही जीवाणूंचे बीजाणू (त्यांची टणक कवचातील सुप्त रूपे) अशा उकळत्या पाण्यातही तग धरतात. दाब वाढवला की वाफ 121 किंवा 134 अंशांपर्यंत नेता येते. मात्र खरी करामत तापमानाची नाही. भट्टीतील कोरड्या हवेला 160 अंशांवरही दोन तास लागतात. वाफेला 121 अंशांवर पंधरा-वीस मिनिटे पुरतात. एक ग्रॅम कोरडी हवा 20 अंशांनी थंड होताना जेमतेम 5 कॅलरी देते, तर एक ग्रॅम वाफ अवजाराच्या थंड पृष्ठभागावर पाणी होताना 500 हून अधिक कॅलरी तेथेच टाकते. शाळेत पाठ केलेली अप्रकट उष्णता ती हीच. पाणी होताना वाफेचे आकारमान शेकडो पटींनी घटते, त्या पोकळीत नवी वाफ ओढली जाते, आणि त्यातच ओलाव्यामुळे जंतूंची प्रथिने कोरड्या उष्णतेपेक्षा फार लवकर गोठतात.

या सगळ्यात खोडा घालणारी वस्तू म्हणजे हवा. ती वाफेपेक्षा जड असल्याने तळाशी आणि पोकळ्यांमध्ये दबा धरून बसते. आत हवा उरली, तर काट्यावर दिसणारा दाब हा हवा आणि वाफ या दोघांचा मिळून असतो. हवा मुळीच न काढता कुकरसारखे साधे यंत्र तापवले, तर काटा 15 पौंडांवर (दर चौरस इंचाला) असताना आतले तापमान 100 अंशांच्या आसपासच राहू शकते. दात कोरणारा एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो, थांबताना तोंडातील लाळ आत ओढू शकतो, आणि त्याच्या बारीक नळ्यांमधील हवा हलवणे तर सर्वांत अवघड. म्हणून पोकळ अवजारांसाठी आधी निर्वात करणारी यंत्रे लागतात.

आता थोडे गणित. जंतू एकदम मरत नाहीत, ठरावीक काळात दहापैकी नऊ या हिशेबाने मरतात. 121 अंशांवर हा काळ 2 मिनिटे असणारे 10 लाख बीजाणू एका कागदी पट्टीवर घेतले, तर 2 मिनिटांनी 1 लाख, 4 मिनिटांनी 10 हजार आणि 12 मिनिटांनी सरासरीने एक उरतो. 14 मिनिटांनी ‘एकदशांश’ उरतो, म्हणजे अशा दहा पट्ट्यांपैकी एकीत जिवंत बीजाणू सापडतो. तापमान 10 अंशांनी घसरले की हा काळ साधारण दहापट होतो. काट्यावरचा दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजलेला असल्याने कोल्हापुरात 15 पौंडांवर वाफ सुमारे एक अंश कमी तापते, आणि तेवढ्यानेच 12 मिनिटांचे 15 होतात. त्यामुळे ‘शंभर टक्के जंतुमुक्त’ ही पाटी जाहिरातीतच शोभते. शास्त्र फक्त शक्यता किती लहान केली ते सांगते. अतिनील किरणांचा निळा दिवा लावलेली काचेची पेटी तर तेवढेही करत नाही, कारण तो प्रकाश अवजारांच्या सावलीतल्या बाजूंवर पडतच नाही.

अवजारांच्या पाकिटावरील पट्टीचा रंग बदलला, एवढ्यावर अनेक जण निर्धास्त होतात. साधी पट्टी फक्त पाकिटाला उष्णता लागल्याचे सांगते. खरी परीक्षा ‘जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस’ या उष्णताप्रेमी जीवाणूच्या बीजाणूंची: त्यांची कुपी अवजारांसोबत आत ठेवायची, नंतर 55 ते 60 अंशांवर उबवायची, आणि जोडीला वाफ न दाखवलेली एक कुपी ठेवायची. जिवंत बीजाणू वाढले की कुपीतला जांभळा द्रव पिवळा पडतो. दुसरी पिवळी पडली आणि पहिली जांभळीच राहिली, तर वाफेने काम केले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची शिफारस ही चाचणी आठवड्यातून किमान एकदा करण्याची आहे.

आपल्याकडे दंतवैद्याला एक्स-रे यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे जावे लागते आणि कचऱ्यासाठी 2016 चे जैववैद्यकीय नियम पाळावे लागतात; वाफ आत पोहोचली का, हे पाहायला मात्र दर आठवड्याला बाहेरचे कोणी येत नाही. मोठ्या रुग्णालयात त्यासाठी समिती असते. एक डॉक्टर आणि एक मदतनीस असलेल्या दवाखान्यात यंत्र लावणारा, तपासणारा आणि सही करणारा बहुधा एकच असतो. आपल्या गुऱ्हाळांत हा घोळ होत नाही: चुलवाणात चिपाडे सारणारा निराळा आणि पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का ते पाहणारा गुळव्या निराळा. गुळव्या जाळ किती आहे हे विचारत बसत नाही, पाकच तपासतो. लहान दवाखान्यानेही कुपी बाहेरच्या प्रयोगशाळेत उबवायला द्यावी आणि निकालाची नोंद मदतनिसाखेरीज दुसऱ्या कोणी करावी, हे मला फायद्याच्या मानाने फारच स्वस्त वाटते.

आणि एखाद्या सोमवारी आत ठेवलेली कुपी पिवळी पडलीच, तर यंत्र थांबवून मागच्या चांगल्या निकालानंतरची सर्व अवजारे परत बोलवावी लागतात. त्यासाठी प्रत्येक पाकिटावर तारीख व यंत्राच्या फेरीचा क्रमांक हवा, आणि तोच क्रमांक रुग्णाच्या कागदावरही.