प्रकाशित लेखक म्हणजे नेमका कोण? कथास्पर्धेतल्या एका अटीची पार्श्वभूमी

‘ही स्पर्धा फक्त प्रकाशित लेखकांसाठी आहे.’ कथास्पर्धेच्या नियमांत ही ओळ दिसली की सोलापुरातले आम्ही काही लिहिते लोक बुचकळ्यात पडतो. स्पर्धा नवख्यांची आणि पुरस्कार नाव झालेल्यांचे, ही वाटणी आपल्या डोक्यात पक्की आहे. गावातलाच भैरूरतन दमाणी पुरस्कार घ्या, तो छापून आलेल्या साहित्यासाठी असतो. दोन पुस्तकं नावावर असलेल्या माणसाने पुन्हा एक सुटी कथा पाकिटात घालून परीक्षकांपुढे ठेवायची, यात कमीपणा मानतात. मीही मानायचे.

ही वाटणी नियतकालिकांनी घडवली. ह. ना. आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यांच्या ‘स्फुट गोष्टी’ त्यातून वाचकांपर्यंत गेल्या. 1895 मध्ये का. र. मित्रांचं ‘मनोरंजन’ मासिक आलं. हे मित्र मूळचे आजगावकर. बंगालीवर एवढा जीव की आडनावच बदललं. त्यांनी 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी कथेचं सगळं वर्षच दिवाळीभोवती फिरू लागलं. उन्हाळ्यात संपादकाचं पत्र यायचं, पावसाळ्यात कथा रवाना व्हायची, आश्विनात अंक हातात पडायचा. कथाकाराची परीक्षा घेणारा एकच माणूस होता, तो म्हणजे संपादक. पसंत पडली तर कथा छापायची, नाही तर ‘साभार परत’. ज्याने आयुष्यात पाच-सात ‘साभार परत’ पचवले, त्याला वेगळ्या स्पर्धेची गरज कशाला वाटावी?

1941 साली साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, तेव्हा अध्यक्ष होते वि. स. खांडेकर. मासिकांतून घरोघर वाचला गेलेला हा कथाकार अध्यक्षपदापर्यंत पोहोचला, तोही याच वाटेने. पुढे ‘सत्यकथे’ने ही चाळणी आणखी बारीक केली. 1933 मध्ये सुरू झालेल्या या मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक कथेतला शब्द न् शब्द तपासायचे, लेखकांना लांबलचक पत्रं लिहायचे, पुनर्लेखन करून घ्यायचे. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर या पिढीची नवकथा वाढली ती या वातावरणात. 1982 मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली. दिवाळी अंक काही बंद पडले नाहीत, उलट वाढतच गेले, पण पत्र लिहून कथा परत मागवणारा संपादक हळूहळू दुर्मीळ झाला. माझ्या मते या अटीची मराठीतली गोष्ट इथून सुरू होते, कारण निवडणारा संपादक उरला नाही की तुमचं लेखन कोणी निवडलंय का, हे वेगळं विचारावं लागतं.

मात्र नाव झालेल्या लेखकाने स्पर्धेत उतरू नये, हा संकेत सगळ्याच भाषांत नव्हता. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं कितीतरी आहेत, तिथल्या वाचणाऱ्यांना पालगुम्मी पद्मराजूंची ‘गालिवान’ सांगावी लागत नाही. ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने घेतलेल्या जागतिक कथास्पर्धेत 1952 मध्ये या कथेला दुसरं पारितोषिक मिळालं. रेल्वेचा डबा, बाहेर वादळ, आत शिस्तीत आयुष्य काढलेला एक प्रौढ गृहस्थ आणि भीक मागणारी एक बाई, एवढ्यावर उभी राहिलेली कथा. याच स्पर्धेच्या मल्याळम फेरीत 1954 मध्ये एम. टी. वासुदेवन नायर पहिले आले आणि तिथून त्यांचं नाव झालं. दोघांपैकी कोणालाही स्पर्धेने कमीपणा आणला नाही.

‘आधी छापलं गेलेलं असलंच पाहिजे’ ही अट मात्र ठळक झाली ती इंग्लंडात. तिथे कथेला मासिकांत जागा उरली नाही, प्रकाशक कथासंग्रह घ्यायला नाखूश झाले आणि कथा वाचवायची मोहीमच काढावी लागली. त्या वातावरणात राष्ट्रीय कथा पुरस्कार उभा राहिला. 2005 मध्ये त्याची घोषणा झाली, 2006 मध्ये पहिला विजेता ठरला, आणि पुढे तो बीबीसीच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचं बक्षीस 15,000 पौंड. 2010 मध्ये ‘संडे टाइम्स’ने 25,000 पौंडांचा पुरस्कार आणला, पुढे त्याचे 30,000 झाले. दोन्हीकडे लेखकाचं आधीचं लेखन प्रकाशित असावं, ही अट ठेवली गेली. हेतू सरळ होता: कसलेल्या लेखकाने कादंबरी बाजूला ठेवून कथेवर वेळ खर्च करावा, एवढे पैसे त्यात असावेत. आपल्याकडे हे काम दिवाळी अंक करत होते, मानधन भले बेताचं असेल.

उलट दिशेने जाणारंही उदाहरण आहे. 2012 पासूनचं कॉमनवेल्थ कथा पारितोषिक राष्ट्रकुल देशांतल्या कोणत्याही प्रौढ नागरिकाला खुलं आहे, मग तो प्रकाशित असो वा नसो, शुल्कही नाही. 2016 मध्ये ते पराशर कुलकर्णींना मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

आता ‘प्रकाशित’ या शब्दाकडे येऊ, कारण खरी गोची तिथे आहे. 1867 च्या कायद्याने छापील पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालणं सक्तीचं केलं, तेव्हा छापलं ते प्रकाशित इतका साधा हिशोब होता. पुढे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आला. आपल्या देशात तो क्रमांक सरकारी व्यवस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतःही मागू शकतो. मग पैसे भरून शंभर प्रती काढल्या, क्रमांक छापला, झाला माणूस प्रकाशित! अशी पुस्तकं या प्रकारच्या स्पर्धांत बहुधा धरत नाहीत. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानातून आलेलं पहिलं पुस्तक मात्र मी निःशंक धरीन, कारण तिथे हस्तलिखित कोणीतरी वाचून पसंत केलेलं असतं. माझ्या लेखी अटीचा गाभा तोच आहे, आपल्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी तुमचं लेखन निवडलेलं असणं.

त्यातही एक गंमत आहे. लेखक प्रकाशित हवा, पण कथा बहुधा अप्रकाशित हवी! फेसबुकवर टाकलेली कथाही बऱ्याच ठिकाणी प्रकाशित मानतात. मराठी लेखकाची चांगली कथा जूनमध्येच कुठल्यातरी दिवाळी अंकाला कबूल केलेली असते. ती स्पर्धेलाही पाठवली आणि दोन्हीकडे लागली, तर संपादकाला तोंड दाखवायची सोय उरत नाही. म्हणून अनेकजण स्पर्धेला मागे उरलेली कथा पाठवतात आणि निकालानंतर परीक्षकांना नावं ठेवतात.

यंदा मी असा एक अर्ज भरला. पुरावा म्हणून तीन वर्षांपूर्वीचा दिवाळी अंक कपाटातून काढला आणि नव्या पेठेत जाऊन अनुक्रमणिकेची झेरॉक्स मारून घेतली. घरी येऊन पाहते तर अनुक्रमणिकेत माझं आडनाव चुकलेलं. कथेच्या पहिल्या पानावर ते बरोबर होतं, म्हणून त्या पानाची झेरॉक्स काढायला पुन्हा नवी पेठ गाठली.